अश्रू आधी, अर्थ नंतर

सायलोसायबिन हे काही जातींच्या अळंब्यांत सापडणारं सायकेडेलिक द्रव्य. ते पोटात गेल्यावर शरीरात काय काय होतं, याची मिनिटांच्या हिशेबानं केलेली नोंद लिओ हॉलिस्टर या अमेरिकन डॉक्टरांनी १९६१ साली प्रसिद्ध केली. पहिल्या अर्ध्या तासात मळमळ, हलकी भोवळ, अंगदुखी, थरथर, ओठांना बधिरपणा. पुढच्या अर्ध्या तासात रंग उजळ दिसू लागतात, मिटल्या डोळ्यांपुढे नक्षी उमटते, लक्ष एका जागी ठरत नाही. आणि याच टप्प्यावर आणखी चार गोष्टींची नोंद आहे : जांभया, डोळ्यांतून पाणी, घाम आणि चेहऱ्यावर चढणारी लाली.

त्या नक्षीवर आणि रंगांवर पुढं चिकार लिहिलं गेलं. विश्वाशी एकरूप झाल्याच्या अनुभवावर तर कपाटं भरतील इतकी पुस्तकं निघाली. डोळ्यांतल्या पाण्याच्या वाट्याला मात्र दुष्परिणामांच्या यादीतला एक शब्द आला. त्या शब्दापाशी थांबायला हवं असं मला बरीच वर्षं वाटत आलं आहे, कारण नेमक्या याच ठिकाणी माणसं एकमेकांबद्दल गैरसमज करून घेतात. ज्याच्या गालांवरून पाणी ओघळतंय तो सांगत असतो, "मी रडत नाहीये, हे आपोआप येतंय." शेजारी बसलेल्याला ते पटत नाही. त्याला वाटतं, हा काहीतरी दाबून ठेवतोय. मग "मोकळा हो, रडून घे, मनात ठेवू नकोस" असा प्रेमळ आग्रह सुरू होतो. काही वेळानं तो माणूस खरोखर हुंदके देऊ लागतो, आणि आग्रह करणाऱ्याला आपलंच खरं होतं याची खात्री पटते.

या पुस्तकाचं सगळं म्हणणं त्या मधल्या काही मिनिटांबद्दल आहे. डोळ्यांत पाणी दिसलं की आधी शरीर पाहावं, मग माणसाला विचारावं आणि अर्थाचं काय ते सगळ्यात शेवटी बघावं. हा क्रम उलटा झाला की भलं करायला गेलेला माणूसही इजा करून बसतो.

क्रम पाळायचा तर अश्रू तयार कसे होतात हे ठाऊक असायला हवं. आपल्या प्रत्येक डोळ्यावर सदोदित सुमारे ७ मायक्रोलिटर अश्रूंचा पातळ थर असतो. पापणी लवली की तो थर नव्यानं पसरतो आणि जुनं पाणी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या दोन सूक्ष्म छिद्रांतून नाकात उतरतं. डोळ्यात फार तर ३० मायक्रोलिटर पाणी मावतं. त्याहून जास्त झालं की ते पापणीच्या काठावरून सांडतं, आणि त्या सांडण्यालाच आपण डोळ्यांतून पाणी येणं म्हणतो. म्हणजे पाणी दोन कारणांनी सांडू शकतं. ते जास्त तयार झालं म्हणून, किंवा निचरा कमी झाला म्हणून.

जास्त पाणी तयार करण्याचा हुकूम मेंदूच्या देठातून सुटतो. चेहऱ्याच्या मज्जातंतूतून एक बारीक फाटा निघतो, नाकाच्या मागं खोलवर असलेल्या मज्जापेशींच्या एका गाठीत येतो आणि तिथून वरच्या पापणीआडच्या अश्रुग्रंथीपर्यंत पोचतो. नाकातल्या ग्रंथींनाही याच गाठीतून हुकूम जातो, म्हणून डोळे वाहू लागले की नाकही वाहतं. हा सगळा मार्ग स्वायत्त मज्जासंस्थेचा आहे. हृदयाचे ठोके किंवा आतड्यांची हालचाल जशी आपल्याला विचारून होत नाही, तसंच इथंही. दुःख हा या मार्गावर येणारा एक पाहुणा झाला. कांद्याचा वाफारा, धूळ, थंड वारा, प्रखर उजेड आणि ओकारीची उबळ यांनाही तोच रस्ता खुला आहे.

हा मार्ग भावनेशिवाय किती सहज चालतो, याचा एक ठळक पुरावा १९२८ पासून वैद्यकाच्या पुस्तकांत आहे. चेहऱ्याचा पक्षाघात होऊन बरे झालेल्या काही रुग्णांना जेवताना घळाघळा अश्रू येतात, असं वर्णन बोगोराड या रशियन वैद्यानं केलं. दुखावलेला मज्जातंतू पुन्हा वाढताना लाळग्रंथीकडे जायचे त्याचे काही धागे चुकून अश्रुग्रंथीला जाऊन मिळतात. घास तोंडात गेला की लाळेऐवजी डोळ्यांत पाणी. ताटातली भाजी आवडीची असो वा नसो, त्या पाण्याचा मनाशी काडीचाही संबंध नसतो.

सायलोसायबिन आतड्यात आणि यकृतात पोचलं की त्यातला फॉस्फेटचा भाग गळून सायलोसिन तयार होतं. ते मेंदूतल्या सेरोटोनिनच्या ग्राहींना, विशेषतः २ए या प्रकाराला, जाऊन चिकटतं. हा ग्राही केटान्सेरिन या औषधानं आधीच अडवून ठेवला तर सायलोसायबिनचे मानसिक परिणाम होत नाहीत, हे झुरिकच्या फ्रान्झ फोलेनवायडर यांच्या गटानं १९९८ साली दाखवलं. सेरोटोनिनचा कारभार मात्र मनापुरता मर्यादित नाही. मळमळ, शरीराचं तापमान, रक्तदाब, बाहुलीचा आकार, जांभई या सगळ्यांत त्याचा हात आहे. सेरोटोनिन वाढवणाऱ्या नैराश्यावरच्या गोळ्या घेणाऱ्या काही रुग्णांना झोप आलेली नसतानाही जांभयांवर जांभया येतात, हे मानसोपचारतज्ज्ञांच्या रोजच्या पाहण्यातलं आहे. सायलोसायबिननंतर येणाऱ्या जांभयाही याच जातीच्या. त्यात ना कंटाळा असतो ना झोप. जबडा दुखेपर्यंत त्या येत राहतात आणि प्रत्येक जांभईबरोबर डोळे भरतात.

जांभईनं डोळे का भरतात याकडे चार्ल्स डार्विनचं बारीक लक्ष होतं. माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावदर्शनावर १८७२ साली लिहिलेल्या ग्रंथात त्यानं नोंदवलं आहे की जांभई देताना डोळ्यांभोवतीचे स्नायू जोरानं आवळले जातात आणि अश्रू कधीकधी गालांवरूनही ओघळतात. डोळे मिटून आवळले गेले की ग्रंथीवर दाब येतो आणि निचऱ्याची वाटही तेवढ्यापुरती अडते. नळ चालू आणि मोरी तुंबलेली, अशी ती अवस्था असते.

डार्विनच्या कितीतरी आधी हे भरतमुनींनी लिहून ठेवलं आहे. नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. कीर्तनात 'अष्टसात्त्विक भाव दाटून आले' असं आपण ऐकतो तेव्हा हेच आठ अभिप्रेत असतात. त्यांतल्या अश्रूंची कारणं देताना भरतमुनी आनंद, संताप, भय आणि शोक सांगतात आणि त्यांच्याच पंगतीला धूर, काजळ, जांभई, थंडी, आजार आणि पापणी न लववता टक लावून पाहणं यांनाही बसवतात. रंगभूमीवर उभं राहून खोटे अश्रू खरे करून दाखवायचे असतात त्या नटासाठी लिहिलेल्या शास्त्रात शरीराबद्दल इतकी स्वच्छ नजर असावी, याचं मला फार अप्रूप वाटतं. शोक आणि धूर एकाच यादीत ठेवण्यात अश्रूंचा अपमान होतो असं त्या शास्त्रकाराला वाटलं नाही. घाम, शहारे, कंप आणि अश्रू ही लक्षणं एकत्र येतात हेही त्यानं टिपलं. हॉलिस्टर यांच्या तक्त्यातल्या ओळी वाचताना ती आठांची यादी डोळ्यांपुढं येते.

भरतमुनींची कारणं सायकेडेलिकच्या खोलीत एकेक करून ताडून पाहता येतात. जांभई तर आहेच. टक लावून पाहणंही आहे, कारण भिंतीवरचा रंग हलतोय असं दिसू लागलं की माणूस पापणी लववायचं विसरतो, डोळ्यावरचा अश्रूंचा थर फाटतो, बुबुळ कोरडं पडतं आणि मग शरीर पाणी सोडतं. बाहुल्या विस्फारलेल्या असल्यानं साधा दिवाही डोळ्यांना खुपतो. मळमळ असेल तर ओकारीआधी तोंडात जशी लाळ सुटते तसे डोळेही भरतात. आणि धूरही असतो. मेक्सिकोतल्या वाहाका राज्यात, वाउत्ला दे हिमेनेस या डोंगरातल्या गावी माझातेक लोकांचे पवित्र अळंबीचे विधी रात्री, मेणबत्त्या विझवून, कोपाल नावाच्या राळेचा धूप जाळत होत. मारिया साबिना या तिथल्या उपचारक स्त्रीबरोबर गॉर्डन वॉसन हा न्यूयॉर्कचा बँक अधिकारी १९५५ च्या जूनअखेरीस एका रात्री बसला. १९५७ साली त्यानं 'लाइफ' साप्ताहिकात त्याबद्दल लेख लिहिला आणि जगाला या अळंब्यांची खबर लागली. तिथून नेलेल्या जातीवरूनच स्वित्झर्लंडच्या बासेल इथं आल्बर्ट होफमन यांनी १९५८ साली सायलोसायबिन वेगळं काढलं.

वाउत्लाचा विधी आजाऱ्यासाठी होता. दुखणं कुठून आलं आणि त्यावर उपाय काय, हे विचारण्यासाठी माणसं मारिया साबिनांकडे येत. शरीराला काय होतंय हे त्या विधीच्या केंद्रस्थानी होतं. ॲमेझॉनच्या खोऱ्यात आयावास्का या काढ्याला स्पॅनिशमध्ये 'पुर्गा' म्हणजे रेचक असंच नाव आहे. तिथं उलटी, जुलाब, जांभया, थरथर आणि अश्रू हे सगळं शरीर साफ होत असल्याचं चिन्ह मानलं जातं. कुणाच्या डोळ्यांतून पाणी आलं तर त्यामागं कुठली आठवण आहे हे शोधायला कुणी धावत नाही. लेख छापून आल्यावर मात्र वाउत्लाला परदेशी पाहुण्यांची रीघ लागली. त्यांना आजार बरा करून घ्यायचा नव्हता, देव पाहायचा होता. गावाची शांतता गेली, मारिया साबिनांना गावकऱ्यांचा रोष सोसावा लागला, त्यांचं घर जाळलं गेलं. अनुभवाच्या अर्थासाठी आसुसलेल्या माणसांनी शरीराकडे आणि शेजाऱ्याकडे पाठ फिरवली की काय होतं, हे त्या गावानं भोगलं आहे.

आज हा विषय इस्पितळांत येऊन पोचला आहे. बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ, लंडनचं इम्पीरियल कॉलेज आणि इतर अनेक ठिकाणी नैराश्यावर सायलोसायबिनचे रीतसर प्रयोग झाले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत २३३ रुग्ण होते आणि त्यातली सर्वांत मोठी मात्रा २५ मिलिग्रॅमची होती. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२३ पासून अधिकृत मानसोपचारतज्ज्ञांना, औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी, हे द्रव्य देण्याची मुभा दिली. या खोल्यांची मांडणी साधारण सारखीच असते. कोच, मंद उजेड, कानांवर संगीत, डोळ्यांवर कापडी पट्टी आणि शेजारी प्रशिक्षित माणसं. पट्टीखालून गालावर पाणी येतं तेव्हा शेजारच्या माणसाला डोळे दिसत नसतात, दिसतो फक्त ओघळ. बाहुली केवढी आहे, पापण्या सुजल्यात का, भुवया आक्रसल्यात का, हे काहीच कळत नाही. अशा वेळी शरीराच्या इतर खुणा वाचता यायला हव्यात. रडणाऱ्याचा श्वास तुटक होतो, छाती उचकते, गळा दाटतो, ओठ मुडपतात. नुसतं पाणी येत असेल तर श्वास संथ असतो आणि चेहरा सैल. हा फरक ओळखायला शिकवावा लागतो आणि शिकवता येतो.

इथंच सायकेडेलिकांचा एक गुण धोक्याचा ठरतो. या द्रव्यांच्या अमलाखाली माणूस सुचवलेली गोष्ट चटकन स्वीकारतो. एलएसडीनं सूचनाशीलता वाढते हे इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं. आता कल्पना करा, जांभयांमुळे डोळे भरलेल्या एका बाईला कुणीतरी हळुवारपणे विचारतं, "वडिलांची आठवण येतेय का?" प्रश्न साधा आहे. पण त्या क्षणी तो बी पेरल्यासारखा रुजतो. बाईंना वडील आठवतात, मग त्यांच्याशी झालेलं भांडण आठवतं, मग आपण आयुष्यभर हेच दुःख उरी बाळगलं अशी त्यांची खात्री होते. दुसऱ्या दिवशी ती खात्री घेऊन त्या घरी जातात. कदाचित ते दुःख खरंच असेल. पण ते त्यांना स्वतःला सापडलं की कुणीतरी त्यांच्या हाती दिलं, हे मग कुणालाच सांगता येत नाही.

विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञानं १८८४ साली भावनेविषयी एक सिद्धान्त मांडला. दुःख झालं म्हणून आपण रडतो असं आपण समजतो, पण शरीरात बदल आधी होतात आणि त्यांची जाणीव म्हणजेच भावना, असं त्याचं म्हणणं होतं. त्यावर वाद खूप झाले आणि सिद्धान्त जसाच्या तसा कुणी मानत नाही. तरी डोळ्यांत आधी पाणी आलं आणि त्यामागून दुःख चालत आलं, असं घडू शकतं, एवढं त्यातून घ्यावं. म्हणून आपोआप आलेले अश्रू खोटे आणि भावनेचे तेवढे खरे, अशी वाटणी मी या पुस्तकात केलेली नाही. सायकेडेलिकच्या सत्रात हमसून रडणारी माणसं असतात, त्या रडण्यानं हलकी होणारीही असतात, आणि त्यांना मोकळेपणानं रडू देणं हेच त्या वेळी योग्य असतं. कठीण अनुभव मोजण्यासाठी संशोधकांनी २०१६ साली तयार केलेल्या प्रश्नावलीत दुःख आणि शारीरिक त्रास यांचे दोन वेगळे गट केले आहेत. गालावरचं पाणी यांतल्या कुठल्याही गटातलं असू शकतं, दोन्हींतलं असू शकतं. ठरवायचं त्या माणसानं.

आपल्याकडे या विषयाचा संबंध काय, असं कुणी विचारील. सरळ संबंध गोव्याचा आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हणजुण्याच्या किनाऱ्यावर हिप्पी आले, त्यांच्याबरोबर एलएसडी आलं, आणि पुढं त्याच वाळूवर वाढलेलं संगीत 'गोवा ट्रान्स' या नावानं जगभर गेलं. आज पुण्या-मुंबईची मुलं अशा पार्ट्यांना जातात. एलएसडी म्हणून हाती पडलेल्या कागदाच्या तुकड्यावर नेमकं काय आहे हे त्यांना ठाऊक नसतं. एनबोम गटातली, जिवावर बेतणारी द्रव्यंही एलएसडीच्या नावानं विकली गेली आहेत. एलएसडी, सायलोसायबिन, डीएमटी, मेस्कलिन ही सगळी द्रव्यं १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात. एलएसडीच्या बाबतीत 'अल्प प्रमाण' म्हणजे ०.००२ ग्रॅम आणि 'व्यापारी प्रमाण' म्हणजे ०.१ ग्रॅम, इतक्या कडक मापानं कायदा ते मोजतो. हे पुस्तक कुणाला ती घ्यायला सांगत नाही. ती घेतलेला मुलगा समोर आडवा पडलेला असताना त्याच्या मित्रानं, आईनं किंवा कॅज्युअल्टीतल्या निवासी डॉक्टरनं काय पाहावं, हे मात्र ते जरूर सांगतं.

दुसरा संबंध अधिक जवळचा आहे. व्यसनमुक्ती केंद्रात गर्द सोडणाऱ्या मुलाचे पहिले दोन-तीन दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही लक्षणं पाठ असतात : जांभया, वाहणारं नाक, डोळ्यांतून पाणी, अंगावर शहारे, मोठ्या झालेल्या बाहुल्या. मुलं त्याला 'टर्की' म्हणतात. गर्द बंद झाल्यावर शरीराचा जो उठाव होतो त्याची ही खूण. भेटायला आलेली आई मात्र त्याच्या गालांवरचं पाणी पाहून सांगते, "बघा ना डॉक्टर, रडतोय तो. पश्चात्ताप झालाय त्याला. आता घरी नेते." त्या माउलीला समजावणं किती अवघड असतं! तिला वाटतं, डॉक्टर आपल्या लेकराचं मन नाकारतायत. तो मुलगा घरी गेला तर त्याच दिवशी गर्दसाठी बाहेर पडेल, हे सांगायचं असतं. "पश्चात्ताप झाला असेलही, आई. पण हे पाणी त्याचं नाही. चार दिवस थांबा, मग त्याला विचारू." हे वाक्य मला या सबंध विषयाचं सार वाटतं.

तिसरा संबंध जीव वाचवण्याचा. पावसाळ्यात रानातली अनोळखी अळंबी खाऊन विषबाधा होते. मस्करिन असलेल्या अळंब्यांनी घाम, लाळ आणि अश्रू यांचा लोंढा लागतो. सेंद्रिय फॉस्फरसची कीटकनाशकं अंगात गेल्यावरही तेच होतं. फवारणीचं विष काय करतं हे यवतमाळ जिल्ह्यानं २०१७ साली पाहिलं, शेतकरी आणि शेतमजूर त्यात दगावले. या विषांत डोळे वाहतात, पण बाहुली आकसून टाचणीच्या टोकाएवढी होते. सायकेडेलिकमध्ये डोळे वाहत असले तरी बाहुली मोठी असते. धोतऱ्याच्या विषबाधेत बाहुली मोठी, पण डोळे, तोंड आणि कातडी कोरडी ठणठणीत. म्हणजे पाणी आणि बाहुली या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या तर निदानाची दिशा मिळते. ओला डोळा आणि लहान बाहुली दिसली तर क्षणही न दवडता १०८ ला फोन करावा. त्या विषावरचा उतारा ॲट्रोपीन, आणि तो धोतऱ्यातही असतो, हा निसर्गाचा एक विलक्षण मेळ. ओला डोळा आणि मोठी बाहुली असेल तरी ताप चढत असेल, अंग ताठत असेल, झटके येत असतील किंवा माणूस लिथियमच्या गोळ्या घेणारा असेल, तर घरी थांबू नये.

या विषयाला एक अनपेक्षित बाजूही आहे आणि तिनंच मला याकडे खेचलं. क्लस्टर डोकेदुखी नावाचा एक भयंकर आजार आहे. एका डोळ्यामागं सुरी खुपसल्यासारखी कळ येते आणि त्याच बाजूचा डोळा घळाघळा वाहतो, त्याच बाजूची नाकपुडी चोंदते. नाकामागच्या ज्या गाठीचा उल्लेख वर आला तीच इथं उत्तेजित झालेली असते. २००६ साली हार्वर्डशी संबंधित संशोधकांनी सायलोसायबिन किंवा एलएसडी स्वतःहून घेऊन पाहिलेल्या ५३ रुग्णांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. त्यांतल्या अनेकांचे झटके थांबल्याचं किंवा लांबल्याचं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून यावर रीतसर चाचण्या सुरू झाल्या आहेत. डोळ्यांतून विनाकारण पाणी आणणारं द्रव्य, डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या दुखण्यावर औषध म्हणून तपासलं जातंय. यादीतला एक शब्द म्हणून सोडून दिलेलं लक्षण किती दूरवर नेऊ शकतं, ते यातून कळतं.

पुस्तकाची मांडणी वरच्याच क्रमानं केली आहे. पहिली प्रकरणं शरीराची आहेत : अश्रू, जांभई, बाहुली, घाम, शहारे. मधली प्रकरणं संभाषणाची आहेत. काय विचारावं, कसं विचारावं, कधी गप्प बसावं, हे त्यांत आहे. "आत्ता काय होतंय?" हा प्रश्न चालतो, "कशाचं दुःख आहे?" हा चालत नाही, कारण दुसऱ्यात उत्तर आधीच भरलेलं असतं. शेवटची प्रकरणं अर्थाची आहेत आणि ती सत्रानंतरच्या दिवसांबद्दल आहेत, अंमल पूर्ण उतरल्यावरच्या. बाहुली आणि विषबाधा यांवरचं प्रकरण मात्र सर्वांनी सर्वांत आधी वाचावं, बाकीचं पुस्तक थांबू शकतं.

हे लिहिताना माझ्यासमोर परिचारिका, समुपदेशक, निवासी डॉक्टर आणि रात्री-अपरात्री मित्राला सांभाळणारी मुलं होती. त्यांच्याकडे माया असते, आणि मायेला घाई असते. दुसऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी पाहवत नाही म्हणून आपण त्याला पटकन एखादं नाव देतो, म्हणजे आपल्याला काहीतरी करता येतं. माझी विनंती एवढीच की ते नाव देण्याचा अधिकार आपला नाही. सायकेडेलिकच्या अमलाखाली माणसाचं मन उघडं पडलेलं असतं, तेव्हा तर मुळीच नाही. तो म्हणाला "मी रडत नाहीये" तर त्याच्यावर विश्वास ठेवावा. ती म्हणाली "मी रडतेय" तर तिच्यावरही.